रोपलावणीचे पाय, मेटलचे कान: पावसातल्या मेटल फेस्टिव्हलला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी आठ-नऊ वर्षांची असेन. खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात रोपलावणी चालू होती आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. मी रडत पाय ओढत होते आणि तो आणखीच खोल चालला होता. आई बांधावरून ओरडली, "उपटू नको गं! टाच सैल कर आधी, मग आपसूक येतोय बघ." टाच जरा डावी-उजवीकडे हलवली, मागून वारा आत शिरल्यासारखा बुडबुड आवाज झाला आणि पाय सुटला.

पुढं कितीतरी वर्षांनी बंगळूरच्या एका मैदानात, पावसात, स्टेजवर डबल बास ड्रम धडधडत असताना शेजारचा एक मुलगा तसाच अडकला होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन हेच सांगितलं, निम्मं कन्नडात, निम्मं हिंदीत. त्याचा पाय निघाला, बूटही निघाला.

उघड्यावरच्या मेटल (हेवी मेटल, रॉक संगीतातला जड, धडधडता प्रकार) फेस्टिव्हलला पहिल्यांदा निघालेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. पाऊस पडणार म्हणून तिकीट काढू की नको या विचारात असाल तर काढा. चिखलाचं अर्धं ज्ञान आपल्या घरात आहेच. उरलेलं अर्धं कानाचं आणि गर्दीचं, ते शिकावं लागतं. या संगीताचं खरं रूप उघड्या आभाळाखालीच कळतं, गिटारचा आवाज जमिनीतून पायात चढतो तेव्हा. तो अनुभव फक्त ओल्या मोज्यांमुळे कुणाचा बुडू नये एवढंच मला वाटतं.

आधी पाऊस ओळखा, मग माती

बेळगावचा पाऊस आणि बंगळूरचा पाऊस एक नव्हे. आपल्याकडे जुलैत तरणा-म्हातारा पाऊस झड लावून बसतो, दिवसदिवस उघडत नाही, पण त्यात विजा फारशा नसतात. बंगळूरला जास्त पाऊस ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, आणि तो बहुतेक वेळा दुपार कलली की गडगडाट करत येतो. म्हणजे ऐन मोठा बँड स्टेजवर चढायच्या वेळेला. सकाळी कडक ऊन बघून रेनकोट हॉटेलात ठेवून जाणारे नेमके तिथंच फसतात.

जर्मनीतल्या वाकेन गावचं मेटल फेस्टिव्हल साधारण जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला भरतं, आपल्याकडे पुष्य संपून आश्लेषा लागायच्या सुमारास. पण तिथला पाऊस थंड. रात्री अंगात हुडहुडी भरते. आपला ओलेपणा आणि तिथला ओलेपणा यात स्वेटरचा फरक आहे.

वाकेनचं नाव घेतलंच आहे तर थोडं सांगते, कारण चिखलाचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातलं हे साधारण दोन हजार वस्तीचं शेतकऱ्यांचं गाव. १९९० साली थोमास येन्सन आणि होल्गर ह्यूब्नर या दोघांनी गावाजवळच्या खडीच्या खाणीत छोटा कार्यक्रम केला. आज तिथं ८५,००० तिकिटं जातात आणि गाई चरतात त्या कुरणात तंबू पडतात. 'पाऊस असो वा ऊन' हे त्यांचं ब्रीद. तरीही २०२३ साली सलग पावसानं शेतं इतकी खचली की गाड्या आत घेणंच बंद करावं लागलं. सुमारे ५०,००० लोक पोचले होते, बाकीच्यांना वाटेतून परत फिरायला सांगितलं. म्हणून पहिली शिकवण ही: निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना आयोजकांची अधिकृत सूचना वाचा. तुमचं सामान कितीही नीट बांधलेलं असो, जमीन नाही म्हणाली तर नाहीच.

आता माती. मैदान कुठल्या मातीचं आहे हे आधी गेलेल्या कुणाला तरी विचारा. आपल्याला यातला फरक शिकवावा लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडची जांभ्याची लाल माती वरून निसरडी असते, पण पाणी लवकर सोडते. पाऊस थांबला की तासाभरात चालण्यासारखी होते. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानातून पावसात चालून बघा: दहा पावलांत प्रत्येक पायाला किलोभर गोळा. काळ्या मातीवर घसरण्यापेक्षा दमणं जास्त होतं.

आणखी एक गोष्ट, जी मला शेतामुळे कळली. भातासाठी आपण मुद्दाम चिखलणी करतो. माती पाण्यात तुडवून तिची छिद्रं बुजवतो, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही, वाफ्यात उभं राहतं. फेस्टिव्हलच्या मैदानावर हजारो माणसं नाचून नेमकं हेच करतात. स्टेजसमोरची जागा म्हणजे चिखलणी केलेला वाफा. पाऊस थांबून दोन तास झाले तरी तिथलं पाणी हटत नाही, आणि शंभर पावलं मागं, जिथं फार कुणी नाचलेलं नाही तिथं, गवत अजून शाबूत असतं. जेवायला, बसायला, दमल्यावर उभं राहायला ती जागा. यासाठीच आयोजक पेंढा, लाकडाचा भुसा किंवा लोखंडी पत्रे टाकतात. पेंढा दिसला की त्यावरूनच चाला. पत्र्यावर मात्र जपून, ओला पत्रा शेवाळलेल्या फरशीसारखा असतो.

पाय

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथं घालवा.

कोल्हापुरी, स्लिपर, कॅनव्हासचे बूट, नवे पांढरे स्नीकर यातलं काहीही नको. मी पहिल्यांदा गेले ती कॅनव्हासचे बूट घालून. तिसऱ्या बँडपर्यंत डाव्या बुटाचा तळवा सुटला आणि पुढचे चार तास मी एका पायावर जोर देऊन उभी होते. अनवाणी तर मुळीच जाऊ नका. शेतात आपण अनवाणी उतरतो कारण ते रान आपलं असतं, त्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. मैदानाच्या चिखलात फुटलेली बाटली, तंबूचे खिळे, तारा असतात.

दोन पर्याय चांगले. पहिला, घोट्याच्या वर येणारे, लेसचे, खाचदार तळव्याचे बूट. गर्दीत नाचणार असाल तर हेच, कारण घोटा मुरगळत नाही आणि बूट पायातून निघत नाही. दुसरा, गमबूट. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळच्या सेफ्टीच्या सामानाच्या दुकानांत मिळतात, आणि शेतकरी घरात बहुतेक एखादा जोड असतोच. चालायला आणि मागे उभं राहायला गमबुटासारखं दुसरं काही नाही. पण पिटमध्ये, म्हणजे माणसं एकमेकांना ढकलत नाचतात त्या जागेत, ते जड पडतात, आणि वरून पाणी शिरलं की बादली होते. गमबूट घालणार असाल तर मोजे गुडघ्यापर्यंतचे घ्या, नाहीतर बुटाची कड पोटरी सोलून काढते. कुठलेही बूट असोत, आधी आठवडाभर घरात, गल्लीत वापरून सैल करा.

मोजे सुती नकोत. लोकरीचे किंवा सिंथेटिक, आणि माणशी किमान तीन जोड, प्रत्येक जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलिन किंवा कोकमतेल चोळा. लावणीला जाणाऱ्या बायकांच्या पायाला चिखल्या होतात, बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलते, आग होते, तेच तुमचं दोन दिवसांत होईल. रात्री पाय धुऊन, बोटाबोटांतून पुसून, कोरडे होईपर्यंत उघडे ठेवायचे. कंटाळा आला तरी हे करायचंच.

चालण्याची पद्धत आईनं सांगितली तीच. पाऊल लहान, गुडघे जरा वाकलेले, वजन तळव्याच्या मध्यावर. पाय रुतला तर सरळ वर ओढायचा नाही. चिखल आणि तळवा यांच्यामध्ये हवा नसते म्हणून तो धरून ठेवतो. टाच हलवून हवेला वाट करून द्या, मग टाच आधी, चवडा नंतर. आणि बुटाची लेस दुहेरी गाठीची.

कपडे आणि पिशवी

काळा टी-शर्ट घाला, त्याशिवाय मजा नाही. पण खाली जीन्स नको. भिजलेली जीन्स वाळत नाही, मांड्या सोलते आणि तिचं ओझं होतं. पटकन वाळणारी ट्रॅक पँट घ्या. छत्री आत सोडत नाहीत आणि सोडली तरी उघडू नका, मागच्याचं दिसणं बंद होतं आणि काडी डोळ्यात जाते. टोपीचा रेनकोट किंवा पाँचो. आपल्या आज्यांनी इरलं आणि पोत्याची खोळ वापरली त्यामागचं शहाणपण तेच: हात मोकळे, पाठ कोरडी. एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी सोबत असू द्या. ती आणीबाणीची खोळ होते, बसायला आसनही होते.

टोकदार खिळ्यांचे पट्टे, जाड साखळ्या, पाण्याच्या बाटल्या, सेल्फी स्टिक बहुतेक ठिकाणी दारातच काढून घेतात. तिकिटासोबत आलेली यादी नीट वाचा.

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे कोरडी पिशवी. एक टी-शर्ट, एक पायजमा, एक जोड मोजे, एक टॉवेल, आतले कपडे, सगळं दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवायचं आणि कार्यक्रम पूर्ण संपेपर्यंत सोडायचं नाही. कितीही मोह झाला तरी नाही. हे कपडे झोपायचे किंवा परतीच्या प्रवासाचे. दोन दिवसांचं फेस्टिव्हल असेल तर दुसऱ्या सकाळी परत कालचेच ओले कपडे अंगावर चढवायचे. पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो, मग शरीर ते गरम करतं. कोरडे कपडे सकाळी घालून मैदानात गेलात तर रात्री कोरडं काहीच उरत नाही.

मुलींसाठी वेगळं सांगते. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड जास्तीचे आणि झिपच्या पिशवीत ठेवा, दमट हवेत उघडे पॅड खराब होतात. शौचालयाला मोठ्या बँडच्या आधीचा बँड वाजत असतानाच जाऊन या, मधल्या सुट्टीत रांग संपत नाही. जायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं टाळू नका, चक्कर येते. टिश्यू आणि साबणाचे कागद खिशात असू द्या.

फोन झिपच्या पिशवीत. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून यूपीआयवर विसंबू नका. शंभर-पन्नासच्या नोटा वेगळ्या, प्लॅस्टिकमध्ये. घरचा आणि सोबत्याचा नंबर कागदावर लिहून त्याच पिशवीत घाला.

कान

इथं मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण मी सुरुवातीला ऐकलं नाही. पहिल्या कार्यक्रमानंतर तीन दिवस माझ्या कानात रातकिडे ओरडत होते. चौथ्या दिवशी थांबले. ज्यांच्या कानातले कधीच थांबले नाहीत असे एक जण माझ्या ओळखीचे आहेत.

हिशोब साधा आहे. ८५ डेसिबलचा आवाज कामगारानं दिवसाला ८ तास सोसावा अशी मर्यादा धरतात. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्पीकरजवळ १०० सहज ओलांडले जातात, आणि फेस्टिव्हल सात-आठ तास चालतं. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

उपाय दहा-वीस रुपयांचा आहे, फोमचे बोळे. उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करणारं कुणी घरात असेल तर त्यांना विचारा, ते रोज वापरतात. पण बहुतेक जण चुकीचे घालतात, नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. असं करा: बोळा कोरड्या, स्वच्छ बोटांनी वळून वळून काडीसारखा बारीक करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून घेऊन उजव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. बोळा आत सरकवा आणि बोटानं तीस सेकंद धरून ठेवा. तो फुगताना जाणवतो, बाहेरचं जग हळूहळू लांब गेल्यासारखं होतं. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू आला की नीट बसला. हे दाराबाहेरच करा, चिखलाच्या हातानं नव्हे. बोळा घातल्यावर संगीत कळत नाही असं म्हणतात, ते मला पटत नाही. उलट गोंगाट खाली बसतो आणि गिटारची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) स्पष्ट होते. थोडे जास्त पैसे असतील तर संगीतासाठीचे फिल्टरचे बोळे घ्या, त्यात सूर जास्त खरा राहतो.

उद्यमबागेवरून आठवलं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढं बोटांना झेपाव्यात म्हणून तारा सैल केल्या, आणि जगानं जो जड, खोल आवाज ऐकला त्यात त्या सैल तारांचा मोठा वाटा आहे. कारखान्याच्या गावातल्या माणसाला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही.

प्रवास

बंगळूर बेळगावपासून रस्त्यानं साधारण ५०० किलोमीटर, पुणे ३४० च्या आसपास. बंगळूरला रात्रीच्या गाडीनं, राणी चन्नम्मानं, जाणं सगळ्यात बरं, सकाळी उतरून अंघोळ-नाश्ता करून जाता येतं. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याचा देशभर नियम आहे, त्यामुळं कार्यक्रम बहुतेक दहाला आटोपतो. तरी त्याच रात्रीची परतीची गाडी धरू नका. हजारो माणसं एकाच दारातून बाहेर पडतात आणि रिक्षा मिळत नाही. स्वस्तातली का होईना एक खोली घ्या, दुसऱ्या दिवशी निघा.

बंगळूर या संगीताचं जुनं गाव आहे. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड तिथल्या पॅलेस ग्राउंडवर वाजला. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिका या अमेरिकन बँडचा गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि ३० तारखेला ते त्याच पॅलेस ग्राउंडवर उभे राहिले. २०१२ पासून बंगळूर ओपन एअर हे मेटल फेस्टिव्हल सुरू झालं, पहिल्याच वर्षी जर्मनीचा क्रिएटर बँड आला. तिथं जाताना परक्या गावी चाललोय असं मनात आणू नका. मराठी घरातलं असलात तरी आपल्याला कन्नड येतंच, आणि गर्दीत "स्वल्प दारी बिडी" म्हटलं की वाट मिळते.

वाकेनला जायचं स्वप्न असेल तर हॅम्बुर्गहून रेल्वेनं इट्झेहो, तिथून फेस्टिव्हलची बस. शेंगेन व्हिसाची तयारी कित्येक महिने आधी. दिल्लीचा ब्लडीवूड बँड २०१९ मध्ये तिथं वाजला, ढोलासकट. आपली माणसं त्या चिखलात पोचली आहेत.

घरून निघताना भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग घ्या, प्रवासात आणि खोलीवर खायला. मैदानात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून जायच्या आधी पोटभर आणि साधं जेवा. पावसात तहान लागत नाही, पण घाम जातोच. पाणी मुद्दाम आठवणीनं प्या.

आत शिरल्यावर पहिला अर्धा तास

धावत स्टेजकडे जाऊ नका. आधी एक फेरी मारा. उतार कुठं आहे बघा, पाणी उताराच्या तळाला साठणार. बाहेर पडायच्या वाटा किमान दोन हेरून ठेवा. प्रथमोपचाराचा तंबू, पिण्याचं पाणी, शौचालय कुठं ते पाहून ठेवा. सोबत्यांशी भेटायची जागा ठरवा, अशी की अंधारात, पावसातही दिसेल आणि हलणार नाही. 'लाल टी-शर्टवाल्या माणसाजवळ' नव्हे, 'साउंडच्या मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात'. वेळही ठरवा: प्रत्येक दोन बँडनंतर.

आवाज सगळ्यात चांगला त्या साउंडच्या मंडपाच्या जरा पुढं असतो, कारण ज्याच्या हातात मिक्सर आहे तो तिथूनच ऐकत असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत तिथंच उभं राहावं असं माझं मत आहे. अगदी पुढं, बॅरिकेडला, जायचं असेल तर तिथून मधेच बाहेर येणं अवघड असतं हे समजून जा.

पिट

बाहेरून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते. माझ्या मामांनी व्हिडिओ बघून विचारलं होतं, "अगं, ही माणसं भांडालीत काय?" भांडत नाहीत. मधे मोकळी जागा होते आणि माणसं एकमेकांना खांद्यांनी ढकलत नाचतात, ते मॉश पिट. गोल धावतात ते सर्कल पिट. गर्दी दोन बाजूंना होऊन एकदम एकमेकांकडे धावते ते वॉल ऑफ डेथ, आणि चिखलात त्यापासून पहिल्या वर्षी लांबच राहा.

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. कुणी पडलं की आजूबाजूचे थांबतात, हात पसरून वर्तुळ करतात आणि त्याला उचलतात. मी एकदा चिखलात पालथी पडले. श्वास घ्यायच्या आत दोन्ही काखांत हात आले, मी उभी होते, आणि कुणीतरी माझा चष्मा उंच धरून ओरडत होतं, "कुणाचा?" त्यांची तोंडं मी नीट पाहिलीही नाहीत. कोपर बाहेर काढायचं नाही, मूठ वळायची नाही, हात छातीजवळ. कडेला उभ्या असलेल्याला आत ओढायचं नाही. कुणाचा बूट सापडला तर उंच धरायचा.

चिखलात पाय रुतलेले असताना धक्का लागला की घोट्याला आणि गुडघ्याला पीळ पडतो. म्हणून पाय सतत हलते ठेवा, एका जागी रुतू देऊ नका. छातीवर दाब येऊन श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर गाणं संपायची वाट बघू नका. हात छातीसमोर घडी करून जागा धरा आणि तिरकं, गर्दीच्या लाटेबरोबर, कडेला सरका. कुणी अंगचटीला आलं तर लाजू नका, मोठ्यानं सांगा. आजूबाजूची माणसं बहुतेक वेळा लगेच मधे पडतात, नाहीतर सरळ बॅरिकेडजवळच्या सुरक्षारक्षकाला हात करा.

हेडबँगिंग, म्हणजे तालावर डोकं जोरात हलवणं, करताना मान नव्हे, कमरेपासून वाका. आदल्या दिवशी मान सगळीकडे हळू फिरवून मोकळी करा. दुसऱ्या दिवशी दुखेलच, पण वळता येईल.

आणि ती दोन बोटं, तर्जनी आणि करंगळी, वर करायची खूण. ब्लॅक सबाथमध्ये गायला आलेल्या रॉनी जेम्स डिओनं ती लोकप्रिय केली. त्याची इटालियन आजी वाईट नजर टाळायला ती करायची, असं त्यानं सांगितलं आहे. आपल्याकडे आज्जी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, त्यांच्याकडे बोटं. हजारो हात पावसात तसे वर जातात तेव्हा मला दर वेळी आज्जी आठवते.

वीज

पावसाला भिऊ नका, विजेला भ्या. २०१६ मध्ये जर्मनीतल्या रॉक आम रिंग फेस्टिव्हलला वीज पडून ७० हून अधिक लोक जखमी झाले आणि कार्यक्रम मधेच गुंडाळावा लागला. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीसच्या आत ऐकू आलं तर मैदान सोडायची वेळ झाली. पक्की इमारत किंवा बंद गाडी. झाडाखाली नको, तंबूत नको, लोखंडी खांबाला टेकून नको. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्यावर परत. वाजवणं थांबलं म्हणून आयोजकांना शिव्या देऊ नका, ते तुमच्याच जिवासाठी थांबलेले असतात.

तंबू, लागलाच तर

आपल्याकडची बरीचशी फेस्टिव्हल एका दिवसाची, त्यामुळे थोडक्यात. जागा उंचवट्यावर घ्या, ओघळात आणि लव्हाळं उगवलेल्या ठिकाणी नको, ते पाण्याचंच घर. खालची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा लहान हवी. बाहेर डोकावली तर पाऊस गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली नेते. चिखलाचे बूट दाराशी पिशवीत, तोंड खाली करून. आत फक्त कोरडी पिशवी आणि तुम्ही.

परत आल्यावर

आधी पाय बघा. कुठं कापलंय का, फोड आलाय का. जखमेत चिखल गेला असेल तर साबण-पाण्यानं धुऊन डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा. साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. त्याची लक्षणं बहुतेक एक-दोन आठवड्यांनी दिसतात: जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल. त्या काळात ताप आला तर साधा सर्दी-ताप समजून अंगावर काढू नका. मैदानात चिखलात उभे होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, नाहीतर त्यांना कळायचं कसं? अंगावर जखम घेऊन चिखलात उतरावंच लागणार असेल तर तीही आधीच डॉक्टरांना दाखवा, मनानं गोळ्या घेऊ नका.

कानात दोन दिवसांनंतरही आवाज येत असेल किंवा एका कानानं कमी ऐकू येत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे लगेच जा, आठवडा घालवू नका.

बूट उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. चिखल धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्री बदला, दोन दिवस सावलीत. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात, छापलेल्या चित्रावर ब्रश न घासता. आणि गमबूट धुऊन आईकडे परत द्या, लावणी अजून चालू असेल.